नित्यनेमाची वही



तिवसा तालुक्याची भूमी विस्ताराने लहान असली तरी पुण्याईने फार मोठी आहे. वर्धा नदीच्या तीरावर माता रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर, महामार्गालगत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची कर्मभूमी गुरुकुंज मोझरी, आणि त्यांचे सद्गुरू आडकोजी महाराज यांचे वरखेड, ही तिन्ही स्थाने याच तालुक्यात आहेत. भाविक दर्शन घेतो, हात जोडून मनाशी काही ठरवितो, प्रसादाची पुडी घेऊन घरी परततो. आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीचीच धावपळ सुरू होते. देवापुढे केलेला निश्चय आठ-पंधरा दिवसांत विरून जातो. यात भाविकाची श्रद्धा कमी पडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रद्धा असते, परंतु तिला रोजच्या दिवसात बसावयास जागा दिलेली नसते. ही जागा कशी द्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या पूजाविधीची रचना प्रथम लक्षात घ्यावी. पूजेच्या आरंभी गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी देऊन संकल्प सोडवितात. त्या संकल्पात काय असते? संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, त्यानंतर स्थळ, यजमानाचे नाव व गोत्र, आणि शेवटी तो कोणते कर्म कशासाठी करणार आहे त्याचा उच्चार. म्हणजे आज कोणता दिवस आहे, मी कोठे आहे, मी कोण आहे आणि आज मला काय करावयाचे आहे, हे मोठ्याने सांगितल्याशिवाय आपल्याकडे कर्माला आरंभच होत नाही. पूजा संपताना पुन्हा क्षमापन असते. मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे न्यून राहिले असेल त्याची कबुली देऊन कर्म ईश्वरार्पण केले जाते. आरंभी नियोजन, मध्ये कर्म आणि अखेरीस आढावा, असा हा क्रम आहे. हाच क्रम देवघरातून उचलून संपूर्ण दिवसाला लावला, की नित्यनेमाची वही तयार होते. सकाळचे पान संकल्पाचे, सायंकाळचे पान क्षमापनाचे. याहून अधिक तत्त्वज्ञान त्यात नाही.

कौंडण्यपूरला आलेल्या भाविकांनी तर या विषयात माता रुक्मिणीचाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील बावन्नाव्या अध्यायात रुक्मिणीने श्रीकृष्णाला पाठविलेला निरोप आला आहे. तो अवघ्या सात श्लोकांचा आहे. भक्तीचा उत्कट आविष्कार म्हणून त्याचे कीर्तनात नेहमी वर्णन होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच सात श्लोकांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते. विवाह उद्यावर आला आहे, भाऊ रुक्मी शिशुपालाच्या बाजूचा आहे, राजवाड्यात पहारा आहे. अशा वेळी ती केवळ धावा करून थांबत नाही. अंतःपुरात असलेल्या कन्येला आप्तांचा वध न करता कसे न्यावे, अशी शंका श्रीकृष्णाच्या मनात येईल हे ती आधीच ओळखते आणि उपायही सांगते: विवाहाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे वधू नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनास जाते, तेथे यावे. स्थळ, वेळ, अडचण आणि त्या अडचणीवरील उपाय, सर्व काही थोडक्या शब्दांत! मन व्याकुळ असतानाही बुद्धी स्थिर ठेवून तिने हे मांडले. ‘देव पाहून घेईल’ असे म्हणून स्वतः काहीच न ठरविणाऱ्या भक्ताला कौंडण्यपूरच्या या लेकीने दिलेले उत्तर फार सौम्य आहे, तरी ते उत्तरच आहे.

दिवसाची आखणी हा विषय आपल्याकडे परका नाही. ‘दिनचर्या’ हा शब्दच मुळी आयुर्वेदाने रूढ केला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचे ते नावच आहे, आणि त्याचा आरंभ ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून होतो. अहोरात्राचे तीस मुहूर्त मानले तर एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी सुमारे शहाण्णव मिनिटांपासून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंतचा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकातील शिकवणीच्या समासात पहाटे उठण्यापासून प्रपंच आणि परमार्थ यांची सांगड घालणारी दिवसभराची रीत सांगितली आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखन कसे करावे यावरच आहे. अक्षर सारखे असावे, ओळी नीट असाव्यात, येथपर्यंत समर्थ सांगतात. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथाने वहीतील ओळींची चिंता करावी, हे ज्यांना विसंगत वाटते त्यांनी तो समास एकदा स्वस्थपणे वाचून पाहावा.

आणि सामान्य मराठी घर तरी काय वेगळे करीत होते? भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. १९७३ साली ‘कालनिर्णय’ घरोघरी येऊ लागले तेव्हापासून एकादशी, चतुर्थी आणि सण पाहता पाहता त्याच चौकटींत दुधाचा रतीब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि मुलांच्या परीक्षा गृहिणींनी लिहून ठेवल्या. पंचांग आणि रोजनिशी यांचे हे लग्न कोणी मुद्दाम लावलेले नाही. ते आपोआप लागले, कारण गरज होती.

आता गुरुकुंजाकडे वळू. यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिकाला आडकोजी महाराजांच्या कृपाछायेत तुकड्यादास हे नाव मिळाले, आणि १९३५ साली त्याच संताने मोझरीच्या माळावर आश्रम उभा केला. खंजिरीवरील भजनाने लाखोंचा समुदाय डोलविणाऱ्या या महापुरुषाने लोकांना काय दिले, असे विचारले तर बहुतेक जण भजने आणि ग्रामगीता यांचे नाव घेतील. ४१ अध्यायांची ग्रामगीता हे त्यांचे महान कार्य आहेच. परंतु खेड्यापाड्यांतील माणसाच्या दिवसावर ज्याचा थेट परिणाम झाला, ती देणगी म्हणजे पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा असलेल्या गावांत शेतकरी वावरातून घरी येतो, हातपाय धुतो आणि ठरलेल्या वेळी रांगेत येऊन बसतो. दिवसाला दोन खुंट्या ठोकून दिल्या, की मधला वेळ आपोआप ताणून बसतो, हे महाराजांनी ओळखले होते. सकाळी उठल्याबरोबर जनावरे, पाणी, मजूर यांच्या काळजीत पडण्याआधी थोडा वेळ स्वतःचा, आणि दिवेलागणीला दिवसाचे ओझे उतरविण्यासाठी थोडा वेळ सर्वांसमवेत.

वेळेविषयीची ही निष्ठा गुरुकुंजात आजही पाहावयास मिळते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे महानिर्वाण झाले. आश्विन वद्य पंचमीच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली अर्पण केली जाते. त्या मिनिटाला विशाल जनसमुदाय असेल त्या जागी स्तब्ध उभा राहतो. ज्यांनी हा क्षण अनुभवला आहे त्यांना एका मिनिटाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९३६ साली तुकडोजी महाराज सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या सहवासात राहिले होते. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो; तेथील आश्रमाचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चाले. आश्रमवासीयांनी दैनंदिनी लिहावी, असा गांधीजींचा नेहमीच आग्रह असे. साबरमतीच्या आश्रमात सायंप्रार्थनेच्या वेळी हजेरी होई, आणि ज्याने त्याने त्या दिवशी किती सूत काढले त्याचाही हिशेब तेथेच नोंदला जाई. प्रार्थना आणि सुताचा हिशेब एकाच बैठकीत, ही कल्पना काही भाविकांना रुक्ष वाटेल. परंतु त्यामुळे प्रार्थना दिवसापासून तुटली नाही. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी १९१७ पासून १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये देह ठेवीपर्यंत रोजची टिपणे लिहिली. त्या काळाचा इतिहास आज आपल्याला इतक्या बारकाव्याने कळतो, त्याचे मोठे श्रेय या नित्यनेमाला आहे.

वऱ्हाडाला तर हा मान सातशे वर्षांपूर्वीचा आहे. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा लिहून काढल्या. स्वामी कोठे उतरले, कोणाशी काय बोलले, काय आरोगण केली, असे साधे साधे प्रसंग प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना भेटून, विचारून, नागदेवाचार्यांकडून खात्री करून त्यांनी नोंदले. आपल्या भाषेतील आद्य गद्यचरित्र यातून जन्मास आले. रोजच्या जगण्यातील लहान गोष्ट लिहिण्यायोग्य आहे, हा विश्वास मराठीला रिद्धपूरने दिला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. २०२४ साली तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट होय.

वही कशी लिहावी, हे सांगण्यापूर्वी संत एकनाथ महाराजांच्या चरित्रातील प्रसिद्ध कथा आठवावी. देवगिरी येथे सद्गुरू जनार्दनस्वामींनी नाथांकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके रात्री अगदी क्षुल्लक रकमेचा मेळ लागेना. नाथ दिव्यापाशी बसून राहिले. रात्र उलटत चालली असताना ती चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजविली. त्या आवाजाने आलेल्या गुरूंनी कारण विचारले, आणि एवढीशी चूक सापडल्याचा इतका आनंद, तर संसारातील मोठी चूक सापडली तर किती होईल, या आशयाचा उपदेश केला, अशी परंपरा सांगते. या कथेतील महत्त्वाची गोष्ट बहुधा निसटते. नाथ चूक सापडल्यावर खिन्न झाले नाहीत, त्यांनी टाळी वाजविली! सायंकाळचे पान लिहिताना हीच वृत्ती असावी. स्वतःला कोसण्यासाठी वही लिहू लागला, तर माणूस चार दिवसांत ती टाकून देतो. आणि दुसऱ्याच्या चुका मांडण्यासाठी लिहू लागला, तर वही कधीच संपत नाही. सून, जाऊ, भाऊबंद, शेजारी यांची गाऱ्हाणी या वहीत येऊ देऊ नयेत.

वही साधी शंभर पानी पुरे. ती देवघराजवळ, जेथे रोज हात जातो अशा ठिकाणी ठेवावी. कपाटात ठेवलेली वही कपाटातच राहते. उघडल्यावर डावे पान सकाळचे आणि उजवे पान सायंकाळचे. सकाळी स्नान व नमस्कार झाल्यावर तिथी, वार, दिनांक लिहावा आणि त्याखाली त्या दिवशी करावयाची फार तर तीन कामे. दहा लिहू नयेत. दहा कामांची यादी म्हणजे संकल्प नव्हे, ती हाव होय. तिन्हींत एक काम घरच्या वा व्यवसायाच्या निकडीचे असावे, एक स्वतःच्या देहाचे वा अभ्यासाचे आणि एक असे की ज्याचा लाभ दुसऱ्या कोणाला होईल. तिसरे काम मोठे असण्याची गरज नाही. आजारी आप्ताची विचारपूस, विहिरीजवळचा कचरा उचलणे, मुलाचे पाढे घेणे, एवढेही चालेल. गाडगे महाराज दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. त्या महात्म्याला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांच्या दिवसाचे पान आपल्या पानापेक्षा कितीतरी भरलेले होते.

सायंकाळी दिवा लावल्यावर उजव्या पानावर जे झाले ते, जे राहिले ते आणि ते का राहिले, एवढे लिहावे. ‘का’ हा शब्द सोडू नये. सलग आठ दिवस तेच काम राहात असेल तर ते काम तरी आपले नाही किंवा कारण तरी खरे नाही. मन जड असेल तर त्याबद्दल मोकळेपणाने चार ओळी लिहाव्यात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहून घेतले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहिताना त्रास झाला, परंतु पुढील महिन्यांत त्यांचे दवाखान्याकडे जाणे इतरांपेक्षा कमी झाले, असे त्यांना आढळले. अर्थात ज्याचे दुःख खोल आहे त्याने केवळ वहीवर विसंबू नये. घरच्या माणसाशी बोलावे आणि वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

वऱ्हाडात हा शेवटचा विचार वाटेवर सोडून पुढे जाता येत नाही. २००६ साली केंद्र शासनाने शेतकऱ्यांच्या संकटामुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या या मुलखात किती घरांतील कर्त्या पुरुषाने कर्जाचा आकडा एकट्याच्या मनात वागविला, आणि घरच्या लक्ष्मीला तो फार उशिरा कळला! बँकेचे किती, सोसायटीचे किती, हातउसने किती, व्याज किती, हे ज्या घरात एका पानावर लिहिलेले असते आणि महिन्यातून एकदा सर्वांसमक्ष वाचले जाते, त्या घरात कर्ज एका दिवसात फिटत नाही हे खरे; परंतु ते एकाच्याच छातीवर बसत नाही. पाण्याखालचा दगड वर दिसू लागला की नाव वळविता येते. म्हणून महिन्याच्या एकादशीपैकी एक एकादशी या वाचनासाठी राखून ठेवावी. उपवासाच्या दिवशी घर तसेही थोडे निवांत असते.

शेतीच्या नोंदीही याच वहीत याव्यात. पेरणी कोणत्या तारखेला झाली, पाऊस कधी पडला, डवरणीला किती मजूर होते, संत्र्याच्या आंबिया बहारासाठी झाडाला ताण कधी दिला आणि पहिले पाणी कधी सोडले, हे पुढील वर्षी आठवणीने सांगता येत नाही, वहीतूनच कळते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ‘कृषिसंवादिनी’ ही दैनंदिनी काढते, ती याच हेतूने उपयोगी पडते. फवारणीच्या दिवशी औषधाचे नाव, फवारणारा कोण आणि किती वेळ फवारणी केली, हे अवश्य लिहावे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे बळी गेले. अशा रुग्णाला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच विचारतात. ते नाव वहीत असणे हे पुण्यकर्मच आहे.

काही भाविक विचारतील, की ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करावे? त्याने सांगावे आणि नातवाने लिहावे. आजोबांचा दिवस नातवाला कळेल आणि नातवाचे शुद्धलेखनही होईल. भ्रमणध्वनीत नोंद केली तर चालेल का, असेही विचारले जाते. आठवण करून देण्यास ते यंत्र चांगले. पण संकल्पासाठी ते उघडले की दहा जणांचे निरोप आधी समोर येतात, हे प्रत्येकाने स्वतः पाहिलेले आहे. 

नेम चुकला तर? चुकेलच. लग्नसराई, सुगी, आजारपण, सुतक यांत पाने कोरी राहतील. मागील तारखा आठवून आठवून भरू नयेत. ते खोटे हजेरीपत्रक होते. कोरे पान कोरेच ठेवावे आणि आजचा दिनांक टाकून पुढे लिहावे. कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाणाऱ्या माता रुक्मिणीच्या पालखीची परंपरा १५९४ सालापासूनची मानली जाते. त्या पालखीचा मुक्काम कोणत्या तिथीला कोणत्या गावी, हे आधी ठरलेले असते. वाटेत पाऊस येतो, चिखल होतो, पायाला फोड येतात. परंतु काल उशीर झाला म्हणून आजचा मुक्काम कोणी रद्द करीत नाही. पहाटे पालखी उचलली जाते आणि वारकरी चालू लागतात.

वही भरली की ती निर्माल्याबरोबर वर्धेच्या पात्रात सोडण्याची काहींची इच्छा असते. तसे करू नये. नदीही स्वच्छ राहावी आणि वहीही राहावी. पहिल्या पानावर आरंभीची व अखेरची तिथी लिहून ती पोथ्यांजवळ कापडात बांधून ठेवावी, आणि पाडव्याच्या दिवशी नवी वही पूजेत मांडताना जुनी वही घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती देऊन तिच्यातील एखादे पान मोठ्याने वाचून घ्यावे.